पाठीवर चालणारी अळी

दोन वळीव पडून गेले की बारामतीजवळच्या जळोचीतल्या आमच्या गॅलरीच्या दिव्यावर टक् टक् सुरू होतं. यंदा परवा झालं. मी भाजी परतत होते. गॅस बंद केला, हाताला लागली ती वाटी उचलली आणि बाहेर धावले. आतून नवऱ्यानं विचारलं, "कोण आलंय?"

"तपकिरी आहे, मध्यम. पाय बघून सांगते," मी म्हणाले. मे संपता संपता आमच्या घरी पाहुण्यांची चौकशी अशीच होते.

फरशीवर तो उताणा पडून सहाही पाय झाडत होता. मी बोट पुढं केलं, त्यानं ते घट्ट धरलं. भुंगेऱ्याच्या पायांना बारीक काटे असतात. ते कातडीला टोचतात, पण दुखत नाहीत. त्या टोचण्यानं माझ्या अंगात अजूनही तरतरी येते. ओली माती, जवळच्या गोठ्यातलं शेण, कडुलिंबाचा कडसर वास, सगळं एकदम नाकात शिरतं आणि मी पुन्हा बावीस वर्षांची होऊन इंदापूरच्या एसटीत बसते, लासुर्ण्याचं तिकीट काढून.

त्या वर्षी मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रकल्पासाठी आमच्या मॅडमनी मला भुंगेरे दिले. बाकीच्यांना मासे, पक्षी, फुलपाखरं मिळाली होती. मी जरा हिरमुसले. मॅडमना ते दिसलं असावं. त्यांनी कपाटातून एक पेटी काढली, माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाल्या, "पाठीकडे बघ."

पेटीत टाचण्यांवर ओळीनं किडे लावलेले होते. मोहरीएवढे, आणि माझ्या अंगठ्याएवढेसुद्धा. काळे, हिरवे, ठिपक्यांचे, कुणाला सोंड, कुणाला अंगापेक्षा लांब मिशा. पण प्रत्येकाच्या पाठीवर मधोमध एक सरळ रेघ होती. मॅडमनी समजावलं. यांच्या पंखांची पुढची जोडी कडक होऊन ढाल बनलेली असते. उडायचे खरे पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले. दोन्ही ढाली जिथं मिळतात तिथं ती रेघ. आकार, रंग, सवयी काहीही असोत, रेघ दिसली की घराणं कळलं.

मग मला रेघेचं वेडच लागलं. तांदळाच्या डब्यातले सोंडे बाहेर काढून भिंगाखाली धरले: रेघ. मुगातला गुबगुबीत भुंगेरा: रेघ. बाजरीच्या कणसावर बसणारे काळे-नारिंगी हिंगे, ज्यांना चिरडलं की कातडीला फोड येतात: त्यांनाही रेघ. कालव्याच्या संथ पाण्यावर गरगर फिरणारे काळे मणी. लहानपणी काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून आम्ही पाळायचो ते सोनपाखरू, जे दोन दिवसांत तांदळाएवढी अंडी घालून ठेवायचं. आणि काजवा. काजवा भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे हे कळलं त्या दिवशी मी वर्गातून घरी चालत आले नाही, जवळजवळ पळत आले, आणि आईला स्वयंपाकघरातच पकडून सांगितलं. आई म्हणाली, "बरं. कणीक मळ आता."

माणसानं आजवर नावं दिलेल्या प्राण्यांत दर चारामागं जवळजवळ एक भुंगेरा निघतो. हे वाक्य मी आता दरवर्षी वर्गात सांगते. मुलं लिहून घेतात. मला मात्र ते सांगताना दर वेळी हात वर उचलावासा वाटतो, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा.

मेच्या मध्यावर मी बरण्या, टाचण्या, भिंग आणि दोन जुन्या चादरी घेऊन लासुर्ण्याला गेले. तिथं माझी इंदूआत्या राहते, वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून दोन एकर ऊस आणि दोन म्हशी ती एकटी सांभाळते. तिनं मला मधली खोली दिली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घासून दिल्या आणि पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. गेल्या वर्षी वहीत जपून ठेवलेला, वाळून फिकट झालेला मृगाचा मखमली किडा तिनं माझ्यापुढं धरला.

"ह्यो तुज्या यादीत बसतो का?"

मी भिंगातून पाय मोजले. आठ भरले. "नाही आत्या. हा कीटकच नाही. कोळ्याच्या नात्यातला आहे."

"मग इतकी वर्सं आमी त्याला किडा म्हणतोय ते?"

"चुकलंच म्हणायचं."

ती खूश झाली. एवढी जुनी चूक सापडल्याचा तिला आनंद झाला होता. त्या संध्याकाळपासून ती माझी जोडीदार झाली. म्हशीचं शेण काढताना थांबून हाक मारायची, "शुभे, हितं एक काळं हाय, डोक्यावर शिंग हाय, ये लवकर." आणि मी चप्पल न घालता धावायचे. शेणाच्या पोवाखाली वेगळंच गाव वसलेलं असायचं. कुणी शेणात राहणारे, कुणी शेणाखाली बीळ करून भरून ठेवणारे, कुणी गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेणारे. एकाच शेणात तिघांचे तीन संसार. आत्या म्हशीला म्हणायची, "तुला म्हाईत तरी हाय का, तू किती जणांस्नी जेवाय घालतीस?"

त्या दिवसांत गावात हुमणीची मोहीम चालली होती. ऊस करणाऱ्याला हुमणी काय ते सांगावं लागत नाही. तिची पांढरी अळी जमिनीत राहून उसाची मुळं खाते. ऊस पिवळा पडतो आणि धरून ओढला तर मुळासकट हातात येतो. भगवानतात्यांचा पाऊण एकर आदल्या वर्षी असा गेला होता. त्यांचं रान आत्याच्या बांधाला लागून. साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी घरोघर जाऊन माणसं गोळा केली होती. वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून वर येतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. अळी होण्याआधी, अंडी घालण्याआधी, त्यांना तिथंच गाठायचं.

ती संध्याकाळ मला अजून तशीच दिसते. आभाळ तांबूस, लिंबाखाली माझ्या दोन्ही चादरी पसरलेल्या, तात्यांच्या हातात लांब काठीची आकडी. सूर्य बुडाला आणि जमीन जणू उकळायला लागली. पायांजवळून, ढेकळांतून, बांधाच्या गवतातून घूं घूं करत भुंगेरे उठले. माझ्या केसांत, ओढणीत, कानावर. तात्यांनी फांदी हलवली आणि चादरीवर पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. बायामाणसं ओंजळींनी उचलून रॉकेलच्या पाण्यात टाकत होती. मी एकेक उचलून बघत होते आणि नको तो बाजूला काढत होते. "हा नाही, हा सोडा, हा पिकावरचा मावा खातो." तात्यांनी एकदा माझ्याकडं रोखून बघितलं.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

आत्यानं उसाच्या आडसाली, म्हणजे पावसाळी लागणीसाठी वर्षभराचं शेणखत खड्ड्यात साठवलं होतं. पाऊस लागायच्या आत ते रानाच्या कडेला नेऊन टाकायचं म्हणून तिनं ट्रॉली बोलावली होती. पहिल्याच पाटीला खतातून पांढऱ्या अळ्या निघाल्या. बोटाएवढ्या जाड, तपकिरी डोक्याच्या, अर्ध्या कड्यासारख्या वाकलेल्या. एक, दोन, मग पाटीभर. ट्रॉलीवाला थांबला. तात्या बांधावरून आले, वाकून बघितलं आणि ताठ झाले.

"शुभाताई, तुमी शिकलेल्या. ही हुमणीच न्हवं का?"

चार-सहा माणसं जमली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. कालच्या संध्याकाळचा रुबाब माझ्या अंगात होता. मी पाटीत डोकावले न डोकावले आणि म्हणाले, "हो. हुमणीच."

तात्यांनी मान हलवली. "इंदूताई, ह्ये खत रानात न्यायचं न्हाय. उद्या सकाळी मी औषद घिऊन येतो. आख्खा खड्डा भिजवायचा."

आत्याच्या कोंबड्या त्याच खड्ड्यावर चरायच्या. त्या खताच्या भरवशावर तिनं लागण ठरवली होती. ती माझ्याकडं वळली. "बरोबर बगितलंस न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

ती घरात गेली. दुपारी तिनं कोंबड्या झाकून ठेवल्या. जेवताना ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, भाकरीवर तूप जास्तच घातलं. मला मात्र घास उतरेना. तेव्हा वाटलं होतं की तिचं नुकसान होतंय म्हणून. खरं कारण वेगळं होतं. आपण पुरतं बघितलेलं नाही हे आपल्या आतल्या कुणालातरी ठाऊक असतं, आणि ते जेवू देत नाही.

संध्याकाळी पुन्हा लिंबाखाली उभी राहिले. पुन्हा जमीन उठली, पुन्हा चादरीवर तडतड. एक भुंगेरा माझ्या मनगटावर चढला आणि मी त्याच्याकडं बघत राहिले. हुमणीचं वर्ष मला पाठ होतं. पावसाळ्यात अंडी आणि अळी. दिवाळीच्या सुमारास कोष. मग जमिनीत गप्प बसलेला भुंगेरा, जो वळिवाला बाहेर येतो. म्हणजे आत्ता, मेच्या शेवटी, हुमणी इथं माझ्या मनगटावर होती. मग खतातल्या त्या गलेलठ्ठ अळ्या कोण होत्या?

मी भुंगेरा तसाच मनगटावर घेऊन घराकडं पळाले. आत्या धार काढत होती.

"आत्या, मी चुकले. ती हुमणी नसावी."

तिनं चरवी खाली ठेवली. "नसावी का न्हाय?"

"सकाळी सांगते. उजेडात."

उजाडताच आम्ही दोघी खड्ड्यावर गेलो. मी पाच अळ्या काढून ताडपत्रीवर ठेवल्या. आधी त्या कड्यासारख्या वाकून पडून राहिल्या. मग त्यातली एक सैल झाली, सरळ झाली, आणि उलटी झाली. पाय वर आभाळाकडं. आणि त्या अवस्थेत, पाठीवर, पाठीच्या वळ्या पुढं ढकलत, ती चालायला लागली. सरळ, ठाम, चांगल्या वेगानं, ताडपत्रीच्या कडेकडं. पाय असून एकही पाय न वापरता.

हे मी पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. फुलांवर राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा एक गट आहे, त्यांच्या अळ्या कुजलेलं शेण आणि पालापाचोळा खातात आणि पाठीवर चालतात. वाचताना ती ओळ तशीच पुढं गेली होती. आता ती माझ्यासमोर ताडपत्रीवरून चालली होती. दुसरी अळी उलटी झाली. मग तिसरी.

"अगं बाई," आत्या हळूच म्हणाली, "ह्या तर उताण्या निघाल्या गावाला."

तात्या फवारणीचा पंप घेऊन आले, सोबत कालचेच लोक. मी पुढं झाले. "तात्या, काल मी नीट न बघता सांगितलं. ही हुमणी नाही."

तात्यांनी पंप खाली ठेवला. "काल एक शुभाताई व्हती, आज एक हाय. आमी कुणाचं आइकायचं?"

ते बरोबरच बोलले होते. मी म्हणाले, "माझं नका ऐकू. तुम्ही आयुष्यभर हुमणी उकरलीय. ती कशी चालते ते तुम्हीच सांगा."

ते जरा विचारात पडले. "कुशीवर पडती. वाकडी हुती. सरपटली तर कुशीवरनंच."

"मग हिच्याकडं बघा."

ते ताडपत्रीपाशी उकिडवे बसले. अळीनं त्यांना फार वेळ थांबवलं नाही. उलटी झाली आणि निघाली. तात्यांनी तिच्यापुढं बोट आडवं धरलं. ती वळसा घालून पुढं गेली. त्यांनी तिला उचलून सरळ, पायांवर ठेवलं. ती लगेच पुन्हा पाठीवर झाली. असं त्यांनी चारदा केलं. शेवटी ते उठले, गुडघे झाडले.

"अशी हुमणी म्या न्हाय बगितली," ते म्हणाले. "पण ह्यातनं निघतंय काय, ते दिसल्याबिगर माझा इस्वास बसायचा न्हाय. इंदूताई, खत हितंच ऱ्हाऊ द्या. औषद थांबवतो. लागण आषाढात हाय, तवर कळंल."

मग दोन मडकी भरली. एकात आत्यानं खत आणि दहा अळ्या घातल्या, दुसऱ्यात तात्यांनी. तोंडाला फडकी बांधली. तात्या आपलं मडकं दोन्ही हातांनी धरून बांधावरून घरी गेले.

मी बारामतीला परत आले आणि ते सहा-सात आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दिवसा यादी वाढत होती. सोंडवाले, लांब मिशांचे, टक्क करून हवेत उडी घेणारे, वाळूवर वाघासारखे झेपावणारे. मॅडम भिंगातून बघून एकेकाचं कूळ सांगायच्या आणि कधीकधी गप्प व्हायच्या. "हा मलाही माहीत नाही," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी टाळीच वाजवली. बारामतीच्या शिवेवर पकडलेला किडा आमच्या मॅडमना माहीत नाही, म्हणजे अजून किती जण नावावाचून फिरत असतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वर्गीकरण करायला बसतो तेव्हा आपल्याला वाटतं कप्पे भरतोय. खरं तर आपण रिकामे कप्पे मोजत असतो."

रोज संध्याकाळी मी आत्याला फोन करायचे. "फडकं हललं का?" "न्हाय." एकदा तिनं मडक्यात हात घालून बघितलं आणि घाबरून फोन केला. अळ्या गायब होत्या, नुसते बोराएवढे मातीचे गोळे होते. मी ओरडलेच. "फोडू नकोस. त्या आतच आहेत. कोषात गेल्यात."

शेवटी फोन आला तो तात्यांचा. त्यांनी मला त्याआधी कधीच फोन केला नव्हता.

"शुभाताई, निघालं. तुमी येताय का मी सोडू?"

"सोडू नका. येते."

एसटीत उभं राहून गेले. तात्यांच्या ओसरीवर आत्या आधीच बसली होती. मडक्याचं फडकं सोडलेलं. तात्यांच्या तळहातावर तो होता. चपटा, रुंद खांद्यांचा, हिरवट तांब्यासारखा चमकणारा, पाठीवर पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे. हुमणीच्या तपकिरी भुंगेऱ्याशी काहीही साम्य नव्हतं. पाठीवरची रेघ तेवढी सारखी.

"ह्यो उसाला काय करील?" तात्यांनी विचारलं.

"उसाच्या मुळांना काही नाही. फुलातले पराग खातो. मक्याचं कोवळं कणीस मिळालं तर कुरतडतो, खोटं कशाला सांगू."

"मका न्हाय माजा," तात्या म्हणाले. ते त्याला उन्हात घेऊन गेले. तो तळहाताच्या कडेला आला, थबकला, आणि उडाला. आणि उडताना त्यानं पाठीवरच्या ढाली उघडल्याच नाहीत. बाकीचे भुंगेरे ढाली उचलून मग पंख काढतात. हा गट ढाली मिटलेल्याच ठेवतो आणि कडेच्या फटीतून पंख बाहेर काढतो. तात्यांच्या ते नजरेतून सुटलं नाही. ते बराच वेळ तो गेला त्या दिशेला बघत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दार न उगडताच भायेर गेला."

त्याच आठवड्यात आत्याचं खत रानात पडलं. तात्यांनी आपल्या खड्ड्यातलंही नेलं, आधी ताडपत्रीवर एकेक अळी चालवून बघून. हुमणीची मोहीम पुढच्या वर्षीही झाली आणि अजून होते. पण आता चादरीवरून निवडून काढायला चार बाया बसतात. वडगाव निंबाळकरचे एक शेतकरी मला आजही फोटो पाठवतात, खाली फक्त एवढंच लिहून: उताणी का कुशीवर?

प्रकल्पासाठी आत्याच्या मडक्यातला एक भुंगेरा पेटीत लावायचा होता. प्रत्येक नमुन्याखाली नखाएवढी कागदी चिठ्ठी टाचतात. त्यावर गाव, तालुका, तारीख, कुठं सापडला ते, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी नमुन्यापासून कधी वेगळी करायची नसते. मी आत्याच्या ओसरीवर बसून बारीक अक्षरात लिहिलं. लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे. मग आत्याचं पूर्ण नाव आणि शेजारी माझं.

आत्या चष्मा लावून वाकली. "हे कोण वाचणार?"

"कुणीतरी. पन्नास वर्षांनी, शंभर वर्षांनी. ज्याला हा किडा बघायचा असेल तो."

"मग शेणखतात घावला ते लिव की. उगा आभाळातनं पडल्यावानी नको."

तिचं बरोबर होतं. नेमकं तेच राहिलं होतं. पण चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. मी दुसरी चिठ्ठी कापली आणि पहिल्यापासून लिहिली. गाव, तालुका, जिल्हा, तारीख. शेणखताचा खड्डा. आणि गोळा करणाऱ्याचं नाव एकच, इंदूआत्याचं.